दहा वाजून दहाचा तप्पु

मागच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून एक छापील फॉर्म आला. ‘आपल्या विभागात नीतीनं काम करण्याचं वातावरण तयार व्हावं म्हणून आपण कोणती पावलं उचलता? शंभर शब्दांत लिहा.’ खाली एक चौकोन आखलेला. तो फॉर्म चार दिवस माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे आणि उद्या द्यायचा आहे. शंभर शब्द काही फार नाहीत. आमच्याकडे एका दिवसाच्या रजेच्या अर्जालाही त्याहून जास्त लागतात. पण पेन हातात घेतलं की मला ते आठवतात आणि ते आठवले की पोटात गोळा येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

ते म्हणजे आमचे जुने सुपरिंटेंडंट. मी आज आस्थापना विभागात, म्हणजे नेमणुका, बढत्या आणि रजा यांच्या कारखान्यात, ज्या खुर्चीवर बसते ती त्यांची. त्या खुर्चीला हात नाहीत. मुळात होते, पण त्यांनी सुताराला बोलावून ते कापून टाकले. “हात टेकले की माणूस सैलावतो आणि सैलावला की न वाचता सही करतो,” असं कारण त्यांनी सुताराला समजावून सांगितलं. सुताराला काय त्याचं! तो बिचारा मान डोलावत करवत चालवत राहिला. मला आता दुसरी खुर्ची मागता येईल, पण मी मागत नाही. संध्याकाळी पाठ धरते तेव्हा त्यांच्या नावानं चार शब्द बोलून घेते.

सगळी कचेरी त्यांना ‘रायर सार’ म्हणायची. तंजावूरात मराठी घरातल्या कोणालाही रायर म्हणतात. त्यातून नावगाव काही कळत नाही. एवढंच कळतं की याचे पूर्वज राजाबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. मीही मराठीच, त्यामुळे रुजू झाले त्या दिवसापासून मी ‘चिन्न रायर’ झाले, म्हणजे धाकटे रायर. बाई असले म्हणून काय झालं! आमचं मराठी घरात बोलण्यापुरतं. मला लिहिता-वाचता येतं ते नवरा सोलापूरचा मिळाला म्हणून; त्यानं मला मराठी वर्तमानपत्र वाचायला लावलं आणि प्रत्येक ओळीला हसला.

रायर सार उंच, वाळके, खांद्यात किंचित वाकलेले. पांढरे शर्ट घालायचे आणि त्या शर्टांना खिसा नसायचा. मेलवीदी रस्त्यावरचा त्यांचा शिंपी दर दिवाळीला सवयीनं खिसा लावायचा आणि ते दर दिवाळीला तो उसवायला लावायचे. पेन कानावर, चष्मा गळ्यातल्या दोऱ्याला आणि बसचा पास हातरुमालात बांधलेला. “खिसा असला की लोकांना त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतं,” म्हणायचे. त्यात विनोद नव्हता. ते विनोद करत नसत, ते जसे जगत त्यावर आम्हीच हसायचो.

आमच्या विभागात काम असलेली माणसं रिकाम्या हातानं येत नसत. नोटा घेऊन येणारे वेगळे. त्यांना रायर सार दारातूनच वाटेला लावायचे. पण देवळाचा प्रसाद घेऊन येणाऱ्याला काय म्हणणार? ज्याची बढती अडकली आहे तो माणूस विभूतीची पुडी आणि पानात बांधलेलं पोंगल घेऊन समोर उभा राहतो. नको म्हटलं तर देवाचा अपमान, घेतलं तर झालंच. रायर सार दोन्ही हातांनी प्रसाद घ्यायचे, डोळ्यांना लावायचे आणि मला हाक मारायचे. आवक टपालाची नोंदवही माझ्याकडे होती. “लिही मा,” म्हणजे लिही पोरी, “अमुक अमुक यांच्याकडून पोंगल, एक पुडकं.” मग त्या पोंगलाला आवक क्रमांक पडायचा. त्यानंतर ते विभागात आणि बाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेल्या लोकांत वाटलं जायचं, आणि त्या बाकावर पुष्कळदा त्याच बढतीवर डोळा असलेला दुसरा माणूस बसलेला असायचा. तोही मिटक्या मारत खायचा.

एकदा कुंभकोणम रस्त्याकडच्या एका कॉलेजातले प्राध्यापक घरच्या झाडाचा फणस घेऊन आले. चांगला मांडीएवढा. रायर सारांनी फणसाची स्वतंत्र फाईल उघडली. आमचे सीनिअर असिस्टंट मुरुगेसन फणस कापायला बसले, हाताला तेल लावून. दुपारपर्यंत सगळी इमारत गरे खाऊन गेली. शेवटी फाईलवर रायर सारांनी स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला: ‘फणस सर्वांत वाटला. आठळ्या संबंधितांस परत. फाईल बंद करावी.’ आणि खरोखरच आठळ्या धुऊन, कागदात बांधून त्या प्राध्यापकांना घरपोच पाठवल्या. पुन्हा आमच्याकडे फणस आला नाही. मुरुगेसनना त्याचं फार वाईट वाटलं.

एखाद्या फाईलबद्दल मनात शंका असली की आम्ही नियमांची पुस्तकं काढायचो. ते म्हणायचे, “पुस्तक मागाहून. आधी पोट कसं आहे ते सांग. नियम मोडतोय हे पुस्तकाच्या आधी पोटाला कळतं.” नवा माणूस घाबरून आपलं पोट चाचपून बघायचा. माझं पोट मुळातच भित्रं. शाळेत हजेरीच्या वेळीही दुखायचं. त्यामुळे मला प्रत्येक फाईल चुकीची वाटायची आणि त्यांना वाटायचं, पोरगी कामाची आहे.

त्यांचा सगळ्यात मोठा चक्रमपणा म्हणजे ‘तप्पु’. तमिळमध्ये तप्पु म्हणजे चूक. सकाळी दहाला कचेरी उघडायची आणि दहा वाजून दहा मिनिटांनी, पहिली फाईल सुटण्याआधी, विभागातल्या प्रत्येकानं आपल्या जागी उभं राहून काल केलेली स्वतःची एक चूक सांगायची. नसली तर ‘नाही’ म्हणून बसायचं. पहिले ते स्वतः. मग मुरुगेसन, मग टायपिस्ट सेल्वी आणि सगळ्यात शेवटी मी. नियम दोनच. आपलीच सांगायची, दुसऱ्याची सांगितली तर ती चहाडी. आणि ऐकणाऱ्यानं त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. चूक निस्तरायची असेल ती नंतर निस्तरायची, ओरडा नाही, मेमो नाही.

बाकीचे विभाग आम्हाला हसायचे. परीक्षा विभागातले लोक जिन्यात भेटले की, “आज काय काय पाप केलंत?” असं विचारायचे. मलाही पहिले काही महिने दहा वाजले की घाम फुटायचा. पण हळूहळू जीभ सुटली. सोबतचे कागद जोडायला विसरले, एका बाईंची प्रसूतीची रजा दुसऱ्या बाईंच्या नावावर चढवली, असं मी सांगत गेले. रायर सार स्वतः जे सांगायचे ते ऐकून हसू दाबावं लागे. “काल वनस्पतिशास्त्रवाल्यांचा माणूस आला. त्याचा आवाज मला आवडत नाही. म्हणून त्याला मी वीस मिनिटं उगाच उभं ठेवलं. तप्पु.” एवढं बोलून बसायचे आणि फाईल ओढायचे.

आता त्यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कचेरीच्या फाटकाच्या आत ते माझ्याशी कधीही मराठीत बोलले नाहीत. फाटकाबाहेर, पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली बसची वाट बघताना, ते माझे काका असायचे. “कां ग, अम्मा बरी अहे नां? डबल बीनची आमटी केल्ती का?” असं सगळं विचारायचे. फाटकातून आत पाऊल टाकलं की मात्र तमिळ. मी सुरुवातीला विसरून आत एकदा मराठीत काही बोलले, तर त्यांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मग बाहेर आल्यावर म्हणाले, “चार माणसांत दोघं वेगळ्या भाषेत बोलली की उरलेल्या दोघांना वाटतं, आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय. खरंच नसलं तरी वाटतं. तें वाटणं मज नको.”

मला ते अतीच वाटलं होतं. दोन वाक्यं बोललो म्हणून काय आभाळ कोसळतं का!

माझ्या नोकरीची दोन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, संपत आली होती. कायम करण्याचा आदेश टाईप होऊन रायर सारांच्या शिफारशीसाठी ठेवलेला होता. त्याच सुमाराला संगीत विभागात एका जागेची मुलाखत निघाली. निवड समितीवर बाहेरून कोण येणार हे गुप्त असतं. आमच्या खोलीत ते तिघांनाच ठाऊक होतं: मसुदा करणारे रायर सार, नोंद करणारी मी आणि पत्र टाईप करून पाकीट चिकटवणारी सेल्वी.

एका सोमवारी दुपारी मला फोन आला. तिरुवैयारुचे मामा, माझ्या आईचे चुलतभाऊ. त्यांच्या सुनेनं त्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलगी गाते छान, शिकवतेही छान, फक्त परीक्षेच्या नावानं थरथर कापते.

“पोर भेदरलीय ग,” मामा म्हणाले. “कोण येणार अहे तेवढं सांग की. नांव नको सांगूं.”

“मामा, असं सांगत नाहीत.”

“नांव सांगूं नको म्हणतोंय ना मी! ओळखीचं माणूस अहे की नाही, तेवढंच. तिच्या जिवाला बरं.”

आणि मी सांगितलं. नाव नाही सांगितलं. “तिरुच्चीच्या बाई येताहेत, मामा. ती दोन उन्हाळे ज्यांच्याकडे शिकली त्याच. तिला म्हणावं, घाबरू नको.” मोठ्यानं बोलले, माझ्या टेबलाशी उभी राहून, कारण मराठी होतं. मराठी म्हणजे आमच्यासाठी दार लावलेली खोली. बसमध्ये, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, आम्ही जन्मभर लोकांच्या तोंडावर हवं ते बोलत आलो आणि कोणाला काही कळलं नाही. सेल्वी टाईप करत होती. मुरुगेसन डुलकी काढत होते. रायर सार लोखंडी कपाटाच्या पलीकडे जुन्या फाईली शोधत होते, आणि खरं सांगते, ते तिथे आहेत हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मामांनी काय केलं? पुढच्या शुक्रवारी सुनेला घेऊन तिरुच्चीला गेले. ताटात फळं, विडा, मोगऱ्याचा गजरा आणि रेशमी खण. तिरुवैयारुच्या माणसाला यात काही गैर दिसत नाही. मोठ्या कामाआधी गुरूच्या पाया पडायला जातात, आणि गुरूच्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं? पण त्या बाईंनी ताट पाहिलं, काय समजायचं ते समजल्या आणि दार लावून घेतलं. सोमवारी त्यांचं पत्र रजिस्ट्रार साहेबांच्या टेबलावर होतं: माझं नाव बाहेर फुटलं आहे, मी समितीवर येणार नाही. कोण भेटायला आलं होतं हेही लिहिलं होतं, पण त्या माणसाचा माझ्याशी काय संबंध हे तिथे कोणाला ठाऊक असणार?

रजिस्ट्रार साहेबांनी रायर सारांना बोलावलं. फाईल घेऊन मी मागे उभी होते.

“यात एवढा विचार कसला, रायर?” साहेब म्हणाले. “ती टायपिस्ट रोजंदारीवरची आहे ना? उद्यापासून येऊ नको म्हणा. चौकशी नको, काही नको.”

“सार, हे फाईलवर लिहून द्या.”

“तोंडी सांगतोय ना मी!”

“तोंडी हुकमाला माझे कान मंद आहेत, सार.”

साहेब लाल झाले. मग म्हणाले, “शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत मला नाव हवं. नाहीतर मी लिहूनच देतो.”

मंगळवारी दहा-दहाला मी सांगितलं, “काल एका पाकिटावर पिनकोड चुकला. तप्पु.” बसले.

मी स्वतःला काय काय समजावलं! नाव सांगितलंच नव्हतं. ताट मी न्यायला सांगितलं नव्हतं. आणि मी बोलले तर परिवीक्षेतच नोकरी जाणार; परिवीक्षेतल्या माणसाला काढायला कागदही लागत नाही. नवऱ्याची बदली तेव्हा होसूरला झालेली, आई माझ्याकडे. सेल्वीचं काय, तिला टाईपिंग येतं, तिला कुठेही काम मिळेल. हे शेवटचं वाक्य मी मनात म्हटलं तेव्हा मलाच माझी किळस आली, पण म्हटलं खरं.

सेल्वीला कोणीतरी जिन्यात सांगितलं होतं. दुपारी ती लिंबूभाताचा डबा उघडून माझ्यासमोर बसली आणि खाल्लं नाही. “अक्का, त्या दिवशी मी पत्र छापलं तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? एखादी प्रत मी बाहेर ठेवली होती का हो? मला आठवतच नाही.” मी म्हटलं, “मला नाही माहीत.” हे मी बोलले. तिच्या डोळ्यांत बघून बोलले.

बुधवारी दहा-दहाला सेल्वी उभी राहिली. “सार, कदाचित माझ्याकडूनच झालं असेल. ते पत्र मी प्रिंटरवर उघडं ठेवून पाणी प्यायला गेले असेन. कोणी बघितलं असेल. तप्पु.”

त्या खोलीत कोणी कोणाच्या चुकीवर बोलत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा रायर सार बोलले. “‘कदाचित’ ही चूक नसते, मा. नक्की असेल तीच सांगायची. बस.” मग माझी पाळी आली. ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या टाचणीनं नखं कोरत होते. मी उठले आणि ‘नाही’ म्हणून बसले.

गुरुवारी संध्याकाळी पुंगाच्या झाडाखाली आम्ही दोघंच होतो. बस यायची होती.

“तोंड कां सुकलंय तुझं?” त्यांनी मराठीत विचारलं.

मला रडू फुटलं. “काका, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो मामांचा...”

“थांब.” त्यांनी हात वर केला. “हें मज इथे सांगूं नको. इथे मी तुझा काका अहे. इथे तूं सांगशील, मी डोक्यावरून हात फिरवीन, अन् तें इथेच संपेल. तिथे सांग. सेल्वीपुढे सांग, तिला कळेल अशा भाषेत.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कपाट, जुन्या फाईली, सोमवारची दुपार, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मला वाटलं होतं दार लावलं आहे, आणि आत ते आधीपासून बसलेले होते.

“तुम्ही साहेबांना सांगणार?” मी विचारलं.

“दुसऱ्याची सांगायची नाही असा नियम अहे,” ते म्हणाले. बस आली. ते चढले, हातरुमालाची गाठ सोडून पास काढला आणि खिडकीतून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पुढच्या बसला थांबले.

शुक्रवारी मी दहाला पाच कमी असताना पोचले. नोंदवही उघडून बसले. दहा-दहाला नेहमीप्रमाणे ते आधी उठले.

“दोन आठवड्यांपूर्वी या खोलीत एक फोन झाला,” ते तमिळमध्ये म्हणाले. “तो इथे फक्त मला कळण्यासारखा होता.”

मी ताडकन उठले. “सार, ती माझी आहे. माझी तुम्ही सांगू नका.”

“उक्कारु, मा. तुझी पाळी शेवटी.”

मी बसले. अशा वेळीसुद्धा पाळी! ते पुढे बोलले, तसेच, यादी वाचावी तसे. “मला तो कळला आणि मी गप्प बसलो. तमिळमध्ये कोणी तेच बोललं असतं तर मी तिथल्या तिथे थांबवलं असतं. ती माझ्या घरची भाषा होती म्हणून मी कपाटाच्या मागे उभा राहिलो आणि म्हटलं, आपलीच पोर आहे, काही होणार नाही. ही एक. आणि चार दिवस सेल्वीचं पोट दुखतंय हे मला दिसत होतं, तरी मी वाट बघत राहिलो. ही दुसरी. तप्पु.”

ते बसले. मुरुगेसन उठले, ‘नाही’ म्हणाले आणि बसले. त्यांचे डोळे मोठे झाले होते. सेल्वी उठली, तिनेही ‘नाही’ म्हटलं. मग मी.

मी तमिळमध्ये शाळा शिकले, तमिळमध्ये भांडते, स्वप्नंही तमिळमध्ये पडतात. पण त्या दिवशी एकेक शब्द शोधावा लागला. फोन कोणाचा, काय विचारलं, मी काय सांगितलं, सगळं सांगितलं. सेल्वीनं मला विचारलं तेव्हा ‘माहीत नाही’ म्हटलं, तेही सांगितलं. “तप्पु,” म्हटलं आणि बसले.

कोणी काही बोललं नाही. नियमच होता. सेल्वीनं कॉम्प्युटरवरचं आवरण काढलं आणि टाईप करायला लागली.

साहेबांकडे त्या दिवशी दोन चिठ्ठ्या गेल्या, एक त्यांची, एक माझी. माझ्या चिठ्ठीखाली त्यांनी लिहिलं होतं: ‘हिने आपण होऊन, विभागासमोर, कोणी विचारण्यापूर्वी सांगितले.’ मी म्हटलं, “सार, हे खरं नाही. तुम्ही सांगायला लागलात म्हणून मी...”

“मी माझी सांगत होतो,” ते म्हणाले. “तुझी तू सांगितलीस.”

माझी परिवीक्षा एक वर्षानं वाढली, नोकरी राहिली. रायर सारांना निवृत्तीला चार महिने असताना लेखी ताकीद मिळाली. जन्मभर कोऱ्या राखलेल्या सेवापुस्तकात ती चिकटवायचं काम माझ्याकडेच आलं. मी घाईघाईनं डिंक लावला. ते म्हणाले, “नीट लाव, कोपरा सुटायला नको.” समिती बदलली. मामांच्या सुनेचा अर्ज बाद झाला. ती मुलगी ताट घेऊन सासऱ्याच्या मागून गेली, एवढंच तिनं केलं होतं. तिरुवैयारुला ती अजून शिकवते. लग्नाकार्यात भेटली तर मान वळवते. तिची काय चूक, असं रायर सारांना एकदा विचारलं तर म्हणाले, “माझंही पोट दुखतं तिच्यासाठी.” सेल्वी दीड महिना माझ्याशी बोलली नाही. पुढे ती कायम झाली, आणि आज विभागात माझ्यानंतर तीच आहे.

हे सगळं त्या चौकोनात कसं लिहायचं? दुपारी सेल्वीनं येऊन फॉर्मकडे बघितलं आणि म्हणाली, “अक्का, जेवणाचं लिहा.” तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं.

त्या शुक्रवारी दुपारी दीड वाजला तरी मी जागची हलले नव्हते. चिठ्ठ्या वर गेल्या होत्या, उत्तर यायचं होतं. मुरुगेसन आणि सेल्वी डबे घेऊन बाहेर गेले, मला न विचारता. माझा डबा टेबलावर तसाच होता. रायर सार उठले, पाण्याचा कूजा घेऊन दाराकडे निघाले, माझ्या टेबलापाशी थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा, फाटकाच्या आत, खोलीच्या मधोमध, मला मराठीत म्हणाले, “जेवलीस कां ग?”

मी मान हलवली. ते गेले. मी डबा उघडला आणि रडत रडत सगळा दहीभात खाल्ला. दारात सेल्वी उभी होती, पाणी न्यायला परत आलेली. तिनं ऐकलं होतं, आणि तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

सोमवारी दहा-दहाला ते उभे राहिले. चष्मा पुसला. “शुक्रवारी दुपारी मी या खोलीत आमच्या भाषेत बोललो,” ते म्हणाले. “सेल्वीनं ऐकलं, तिला कळलं नसेल. म्हणून काय बोललो ते सांगतो. ‘जेवलीस का’, एवढंच. तप्पु.”

आणि ते खाली बसले. मुरुगेसन ‘नाही’ म्हणाले. सेल्वी उठली, ‘नाही’ म्हणाली, आणि बसण्याआधी माझ्याकडे न बघता, हळूच, तिच्या तोंडाला न जमणाऱ्या मराठीत तिनं शुक्रवारी दारातून ऐकलेले ते तीन शब्द म्हणून बघितले.